पैजेचा बूट, लसणाचा तडका!

जगात सिनेमे ढिगाने आहेत. पण एक नामवंत दिग्दर्शक भरल्या थिएटरात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत स्वतःचा बूट कापून कापून खातो, असा सिनेमा एकच! नाव अगदी सरळसोट: ‘वर्नर हर्झॉग ईट्स हिज शू’. साल १९८०, लांबी अवघी २० मिनिटं. सस्पेन्स शून्य, कारण शेवट टायटलमध्येच फोडलाय. तरी जगभरचे सिनेवेडे चाळीस वर्षांहून जास्त काळ तो पुन्हा पुन्हा बघतायत.

बूट खरा. चामडं खरं. दिग्दर्शक तर शंभर टक्के खरा. ही डॉक्युमेंटरी आहे, मंडळी!

लोक जोडे पाठीवर खातात. या पठ्ठ्याने थेट पोटात घातला. का? पैज!

माहीत आहे का, या पैजेच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? एरल मॉरिस. आज डॉक्युमेंटरीच्या दुनियेतलं बडं नाव, ऑस्करविजेता. पण सत्तरच्या दशकात हा बर्कलीत तत्त्वज्ञान शिकणारा, तिथल्या पॅसिफिक फिल्म आर्काइव्हमध्ये दिवसरात्र सिनेमे बघणारा एक पोरगा होता. डोक्यात आयडिया शंभर, पूर्ण एकही नाही! सिनेमा करायचाय म्हणायचा आणि पैसे नाहीत म्हणून रडगाणं गायचा. जर्मनीहून आलेल्या हर्झॉगने ते ऐकून घेतलं आणि एक दिवस सुनावलं की पैशाचं निमित्त पुरे, तू सिनेमा पूर्ण करून दाखव, मी माझ्या पायातला बूट खाईन.

मॉरिसने सिनेमा केला. आणि विषय तरी काय निवडला? पाळीव प्राण्यांची दफनभूमी!

हो, हो, बरोबर वाचलंत. कॅलिफोर्नियात कुत्र्यामांजरांची एक दफनभूमी बंद पडली आणि तिथल्या ४५० मृत लाडक्यांना उकरून नापा व्हॅलीत हलवायचं ठरलं. मॉरिसने ही बातमी पेपरात वाचली आणि कॅमेरा उचलला. त्यातून १९७८ मध्ये ‘गेट्स ऑफ हेवन’ तयार झाला. माणसं कॅमेऱ्यासमोर बसतात आणि आपल्या गेलेल्या कुत्र्याबद्दल बोलतात, बास. हसताहसता डोळ्यांत पाणी कधी येतं ते कळत नाही. अमेरिकेतले नावाजलेले समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर या सिनेमाला जगातल्या सर्वोत्तम दहा सिनेमांच्या आपल्या यादीत बसवलं. पहिलाच सिनेमा आणि थेट टॉप टेन!

आता पाळी बुटाची.

१९७९ साल. हर्झॉग बर्कलीत हजर. पैज लावली तेव्हा पायात होते तेच हे बूट, असा त्याचा दावा. शिजवायचे कुठे? तर ‘शे पनीस’मध्ये. माहीत आहे का, हे कुठलं सोमेगोमे हॉटेल नव्हे! ताज्या, स्थानिक, हंगामी भाज्याफळांवर चालणाऱ्या अख्ख्या ‘कॅलिफोर्निया क्विझीन’ची ही गंगोत्री. मालकीण अॅलिस वॉटर्स, अमेरिकेच्या खाद्यजगतातली सुपरस्टार. १९७१ च्या ऑगस्टमध्ये रेस्टॉरंट उघडलं तेव्हा पूर्ण जेवणाचा दर होता ३ डॉलर ९५ सेंट, आणि मेन्यूत होतं बदक, ऑलिव्ह घालून. आठ वर्षांनी त्याच किचनमध्ये मेन्यू बदलला. बूट, लसूण घालून!

थोडं थांबा, कारण इथे एक झकास योगायोग आहे. ‘शे पनीस’ हे नावच मुळी सिनेमातून आलंय. फ्रेंच लेखक-दिग्दर्शक मार्सेल पान्योल याच्या मार्सेय बंदरावरच्या तीन सिनेमांत पनीस नावाचं एक दिलदार पात्र आहे. अॅलिसबाईंना ते इतकं आवडलं की रेस्टॉरंटला त्याचं नाव दिलं. आणि याच सिनेमांतल्या नायिकेचं, फॅनीचं, नाव पुढे स्वतःच्या लेकीला! या बाईंना पान्योलचे सिनेमे दाखवले कोणी? टॉम लडी याने. हाच टॉम लडी पॅसिफिक फिल्म आर्काइव्हचा तेव्हाचा सर्वेसर्वा, टेल्युराइड फिल्म फेस्टिव्हलच्या संस्थापकांपैकी एक, आणि बूट-प्रकरणातही हजर. सिनेमातल्या पात्राच्या नावाच्या हॉटेलात, सिनेमावाल्याचा बूट, सिनेमाच्या पैजेसाठी शिजतोय. यापेक्षा फिल्मी काय हवं?

रेसिपी हवी? घ्या! लसूण, सुगंधी पानं आणि स्टॉक. आच लावून पाच तास. किचनमध्ये बदकाची चरबीही होती. ती पाण्यापेक्षा जास्त तापते, तर चामडं लवकर मऊ होईल, असा हर्झॉगचा हिशेब. झालं उलटं! चामडं आक्रसलं आणि आणखी चिवट बनलं. कोंबडी कापायची कात्री घेऊन त्याला त्याचे बारीक तुकडे करावे लागले. घशाखाली ढकलायला जोडीला बिअर.

आणि सोल? तो नाही खाल्ला. हर्झॉगचं लॉजिक फर्स्टक्लास होतं: कोंबडी खाताना आपण हाडं बाजूला ठेवतोच की! चॅलेंज पूर्ण, पचनसंस्था सुरक्षित.

हा सगळा सोहळा झाला बर्कलीच्या यूसी थिएटरमध्ये, ‘गेट्स ऑफ हेवन’च्या खेळाच्या वेळी. माहीत आहे का, हे थिएटरही काही कमी अतरंगी नाही. १९१७ मध्ये उघडलेलं हे थिएटर ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ या दुसऱ्या कल्ट सिनेमाचे मध्यरात्रीचे खेळ तब्बल २२ वर्षं चालवत राहिलं! २००१ मध्ये पडदा पडला, २०१६ मध्ये दारं परत उघडली ती गाण्याच्या मैफलींसाठी.

बूट खाण्यावरून चार्ली चॅप्लिन आठवला ना? ‘द गोल्ड रश’, १९२५. भुकेलेला चार्ली उकडलेला बूट चाटूनपुसून खातो, नाडी स्पॅगेटीसारखी गुंडाळतो. पण तो बूट होता ज्येष्ठमधाच्या गोळीचा! चार्लीचा गोड, हर्झॉगचा खमंग आणि अस्सल.

पण फक्त स्टंट म्हणून या २० मिनिटांकडे बघू नका. चावता चावता हर्झॉग जे बोलतो ना, तिथे सिनेमाची खरी मजा आहे. टीव्हीवरच्या जाहिराती आणि टॉक शो यांच्याविरुद्ध तो चक्क युद्ध पुकारतो. आपल्या काळाला साजेशी नवी दृश्यं आपण तयार केली नाहीत तर डायनासोरसारखे नामशेष होऊ, असं तो पोटतिडकीने सांगतो. आणि सिनेमा करायची इच्छा आहे पण सुरुवात करायला बिचकताय, अशा सगळ्यांना धीर यावा म्हणून मी हे खातोय, असंही. एका नवख्या मुलाने सिनेमा पूर्ण केला याचा आनंद स्वतः बूट खाऊन साजरा करणारा सीनियर! मला विचाराल तर सिनेमाच्या इतिहासात ज्युनियरचं इतकं जंगी कौतुक क्वचितच कोणी केलं असेल.

आता कॅमेऱ्यामागचा माणूस. लेस ब्लँक. दाढीवाला, शांत, आणि खाण्यापिण्याचा, गाण्याबजावण्याचा जबरदस्त शौकीन. ब्लूज गायक लाइटनिन’ हॉपकिन्सवर सिनेमा, पुढच्या दातांत फट असलेल्या बायकांवर सिनेमा (खरंच, १९८७ मध्ये!), आणि लसणावर अख्खा सिनेमा. लसणाचा सिनेमा आणि बुटाचा सिनेमा, दोन्ही १९८० चे. एकाच वर्षात दोन्हीकडे लसूण हिट!

माहीत आहे का, लसणाचा सिनेमा चालू असताना ब्लँक थिएटरच्या मागच्या बाजूला खराखुरा लसूण भाजायला ठेवायचा? पडद्यावर लसूण, नाकात लसूण, शो सुटेपर्यंत अख्खं पब्लिक भुकेलेलं. फोर-डी सिनेमाचे ढोल पिटणाऱ्यांनी इथे हात जोडावेत. या लसणाला अमेरिकेने २००४ मध्ये नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करायच्या मानाच्या सिनेमांत, जागा दिली. बुटालाही वाऱ्यावर सोडलेलं नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या आर्काइव्हने १९९९ मध्ये त्याची प्रत जतन करून ठेवली.

आणि टायटलला वाजतं काय? बुटांवरचंच एक खुळचट पोल्का गाणं! पाय आपोआप ठेका धरतात. अर्थात पायात बूट उरले असतील तर.

हर्झॉग आणि मॉरिस यांची दोस्ती बुटाआधीही भन्नाट होती. एड गीन नावाच्या कुख्यात खुन्याने आपल्या आईचं थडगं उकरलं होतं का, हा प्रश्न दोघांना पडला. उपाय काय? आपणच जाऊन खणून बघू! विस्कॉन्सिनमधल्या प्लेनफील्ड गावी भेटायचं ठरलं. हर्झॉग पोचला, मॉरिस आलाच नाही. खणकाम बारगळलं. पण हर्झॉगला तो उजाड परिसर इतका भावला की त्याने ‘स्ट्रॉझेक’ या सिनेमाचं काही शूटिंग तिथेच उरकलं. मॉरिस चिडला, माझा लँडस्केप चोरला म्हणाला!

मग समेट कसा झाला, माहीत आहे का? हर्झॉगने त्याच्या हातात पाकीट ठेवलं. आत २,००० डॉलर. मॉरिसने पाकीट खिडकीतून भिरकावलं. हर्झॉग खाली गेला, पार्किंगमधून ते उचलून आणलं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं. या पैशातून मॉरिस पोचला फ्लोरिडातल्या व्हर्नन गावी. तिथे काही लोकांनी विम्याच्या पैशांसाठी स्वतःचेच हातपाय तोडून घेतले होते आणि गावाला ‘नब सिटी’, म्हणजे थोटकांचं शहर, असं टोपणनाव पडलं होतं. त्याच्यावर सिनेमा करायला गेलेल्या मॉरिसला गावकऱ्यांनी धमकावलं. त्याने विषय बदलला आणि गावातल्या अवलियांवर ‘व्हर्नन, फ्लोरिडा’ केला.

आणि पुढे? पुढे तर कमालच. मॉरिसच्या ‘द थिन ब्लू लाइन’ या १९८८ च्या सिनेमामुळे एका निरपराध माणसाची तुरुंगातून सुटका झाली! रँडल डेल अॅडम्स. पोलिसाच्या खुनाचा खोटा आळ, एकेकाळी फाशीची शिक्षा, बारा वर्षं गजाआड, आणि १९८९ मध्ये मोकळा श्वास. काही काळ खाजगी डिटेक्टिव्हचं काम केलेल्या मॉरिसने साक्षीदारांना कॅमेऱ्यासमोर बोलतं केलं आणि केस उलटली. बुटाच्या बदल्यात सुरू झालेलं करिअर एका माणसाला तुरुंगातून सोडवून गेलं. ‘द फॉग ऑफ वॉर’साठी ऑस्कर मिळाला तो यानंतर.

इकडे हर्झॉगचं काय? अहो, बूट खाणं हा तर त्याच्या आयुष्यातला शांत दिवस म्हणायचा!

निवडुंगात उडी. १९७० च्या ‘इव्हन ड्वार्फ्स स्टार्टेड स्मॉल’मध्ये सगळे कलाकार बुटके. शूटिंगमध्ये अपघात झाले: कधी अंगावरून गाडी गेली, कधी आग लागली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. यापुढे सगळे सुखरूप राहिलात तर मी निवडुंगाच्या झुडपात उडी मारतो, असा शब्द हर्झॉगने दिला. आणि पाळला! उडी मारणं सोपं, बाहेर येणं अवघड, हा त्याचा अनुभव. बुटाच्या सिनेमात या सिनेमातला तुकडाही आहे.

पायी पॅरिस. १९७४ च्या नोव्हेंबरात निरोप आला की जर्मन सिनेमाच्या इतिहासकार लोटे आयस्नर पॅरिसमध्ये अत्यवस्थ आहेत. हर्झॉगचं म्हणणं, आत्ताच त्यांना मरू देऊन चालणार नाही, मी चालत गेलो तर त्या जगतील. म्युनिकहून निघाला, बर्फात, थंडीत, तीन आठवडे चालत पॅरिसला पोचला. बाई बऱ्या झाल्या आणि १९८३ पर्यंत जगल्या! या माणसाच्या पायातल्या जोड्यांनी किती काय सोसलंय बघा.

हुकलेलं विमान. १९७१ च्या नाताळात पेरूमध्ये एका विमानात त्याला चढायचं होतं. जागा मिळाली नाही. ते विमान जंगलात कोसळलं. ९२ जणांपैकी एकटी वाचली, १७ वर्षांची युलियाने कोप्के. खुर्चीला बांधलेली ती सुमारे तीन किलोमीटर उंचीवरून खाली आली आणि अकरा दिवस जंगलातून वाट काढत माणसांत पोचली. पुढे हर्झॉग तिला घेऊन परत त्याच जंगलात गेला आणि ‘विंग्ज ऑफ होप’ बनवला.

ज्वालामुखी. १९७६ मध्ये ग्वादेलूप बेटावरचा ला सूफ्रिएर फुटणार म्हणून सुमारे ७५ हजार लोकांना हलवलं. सगळे पळत बाहेर, हर्झॉग कॅमेरा घेऊन आत! घर सोडायला तयार नसलेल्या एका माणसाला त्याला भेटायचं होतं. ज्वालामुखी फुटलाच नाही. सिनेमा झाला.

संमोहन. ‘हार्ट ऑफ ग्लास’मधल्या जवळजवळ सगळ्या नटांना त्याने संमोहित करून अभिनय करायला लावला. उंदीर. बूट खाल्ला त्याच वर्षी, १९७९ मध्ये आलेल्या ‘नॉस्फेराटू’साठी ११ हजार उंदीर आणले. पांढरे होते, मग राखाडी रंगवले!

गोळी. २००६ मध्ये लॉस एंजेलिसला बीबीसीला मुलाखत देत असताना कोणीतरी एअर रायफल झाडली. गोळी लागली, रक्त आलं. गोळी काही फार महत्त्वाची नाही असं म्हणून त्याने मुलाखत पुढे चालू ठेवली! त्याच वर्षी त्याच शहरात एक गाडी उलटली. हर्झॉग धावला आणि आतल्या माणसाला बाहेर यायला मदत केली. आत कोण होतं, माहीत आहे का? वाकीन फीनिक्स!

आणि आता सगळ्यांचा बाप किस्सा: डोंगरावरचं जहाज.

पेरूच्या जंगलात ऑपेरा हाउस बांधायचं स्वप्न बघणाऱ्या एका झपाटलेल्या माणसाची गोष्ट, ‘फिट्झकराल्डो’. त्यासाठी एका नदीतून दुसऱ्या नदीत जहाज न्यायचं, मधे डोंगर. ज्या खऱ्या रबर-सम्राटावरून गोष्ट सुचली त्याने जहाज सुटं करून तुकड्या-तुकड्यांनी नेलं होतं, आणि तेही जेमतेम ३० टनांचं. हर्झॉगने ३२० टनांचं जहाज अख्खंच्या अख्खं चढवलं! स्पेशल इफेक्ट नाही, मॉडेल नाही. दोर, कप्प्या, चिखल आणि शेकडो स्थानिक आदिवासींचे हात. चढ इतका उभा की ब्राझीलहून आलेला इंजिनियर काम सोडून निघून गेला.

संकटं तरी किती? हिरो होता जेसन रॉबर्ड्स. सुमारे ४० टक्के शूटिंग झाल्यावर तो आजारी पडला आणि डॉक्टरांनी परत जायला मनाई केली. सिनेमात मिक जॅगरही होता, रोलिंग स्टोन्सचा खुद्द मिक जॅगर! तारखा संपल्या, तो गेला. हर्झॉगने त्याची भूमिकाच काढून टाकली आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. नवा हिरो क्लाउस किन्स्की, म्हणजे चालताबोलता सुरुंग. सेटवर त्याचा आरडाओरडा इतका की आदिवासींच्या म्होरक्याने हर्झॉगला हळूच विचारलं, याला मारून टाकू का? हर्झॉग नको म्हणाला, कारण सिनेमा अजून पूर्ण व्हायचा होता!

याच किन्स्कीबरोबर त्याने पाच सिनेमे केले. लहानपणी, हर्झॉग १३ वर्षांचा असताना, दोघं म्युनिकमध्ये एकाच घरात भाडेकरू होते. तेव्हाही किन्स्की आदळआपट करायचा. या वेड्या जोडीवर हर्झॉगने १९९९ मध्ये ‘माय बेस्ट फीन्ड’ केला.

‘फिट्झकराल्डो’साठी १९८२ मध्ये कान महोत्सवात हर्झॉग सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरला. आणि या सगळ्या रामायणाची डॉक्युमेंटरी, ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’, कोणी केली? लेस ब्लँकने! बूट शिजवताना जमलेली ही जोडी जंगलात पोचली आणि एक मास्टरपीस घेऊन बाहेर आली. ट्रेलर बुटाचा, मेन पिक्चर जहाजाचा!

भारताशी कनेक्शन आहे का? आहे! १९९१ मध्ये हर्झॉग उदयपूरला आला आणि तिथल्या राजवाड्यातल्या लोककलांच्या महासोहळ्यावर ‘जग मंदिर’ केला. पुढे बोधगयेला कालचक्र सोहळ्याचं शूटिंग केलं. दलाई लामांची तब्येत बिघडली, सोहळा थांबला, आणि ‘व्हील ऑफ टाइम’ हा सिनेमा ऑस्ट्रियातल्या दुसऱ्या सोहळ्यापर्यंत पोचला.

रॅपिड फायर घ्यायचं? आयुष्यातला पहिला फोन त्याने १७ व्या वर्षी केला. पहिला कॅमेरा म्युनिकच्या फिल्म स्कूलमधून उचलून आणला, आणि ती चोरी नव्हे, गरज होती, असं तो आजही ठासून सांगतो. त्याच्या स्वतःच्या ‘रोग फिल्म स्कूल’मध्ये कुलपं उघडण्यापासून शूटिंगचे बनावट परवाने तयार करण्यापर्यंत सगळे धडे! ‘द सिम्पसन्स’मध्ये त्याचा आवाज आहे. ‘द मँडलोरियन’मध्ये तो व्हिलन आहे. तिथे पिटुकल्या हिरव्या बाळाची बाहुली काढून कॉम्प्युटरवरचं बाळ वापरायचा विचार निघाला, तर त्याने युनिटला भित्रे म्हणून झापलं! टेल्युराइडला त्याच्या नावाचं थिएटर आहे. ऑस्कर मात्र नाही, फक्त एक नामांकन. २०२५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, व्हेनिस महोत्सवाने त्याला जीवनगौरवाचा गोल्डन लायन दिला.

आणि पैज लावणारे ते दोघं? २०१२ मध्ये ‘द अॅक्ट ऑफ किलिंग’ ही इंडोनेशियातल्या हत्याकांडावरची हादरवून टाकणारी डॉक्युमेंटरी आली. एका तरुण दिग्दर्शकाच्या पाठीशी एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर म्हणून उभे होते वर्नर हर्झॉग आणि एरल मॉरिस. या वेळी बूट दोघांच्याही पायात होते.

तर मंडळी, कपाटात अर्धवट स्क्रिप्ट पडलंय? मोबाइलमध्ये शॉर्ट फिल्मचं फुटेज साचलंय? पैसे जमले की करू, असं म्हणताय? आज रात्री हा सिनेमा बघाच. ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’च्या क्रायटेरियन डिस्कवर तो एक्स्ट्रा म्हणून मिळतो. प्रश्न फक्त २० मिनिटांचा आहे. जेवणाआधी बघा, आणि उद्या सकाळी शूटिंगला लागा!